उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

त्या दिवशी दुपारी उर्मिलाच्या बेडरूममध्ये उत्तरेकडून ऊन आलं. पलंगावर बसून ती इस्त्रीचे कपडे कपाटात लावण्याच्या बेतात होती. एक लांबट, पांढरट पट्टा चादरीवरून सरकत तिच्या मनगटावर आला आणि काहीतरी सांडल्यासारखा तिने हात झटकला. मग हात परत तिथेच ठेवला. पट्टा गरम होता. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधला हा फ्लॅट घेताना जितेंद्रने, तिच्या नवऱ्याने, नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं की ही खोली उत्तरेची, इथे ऊन येणार नाही, उन्हाळ्यात झोप छान लागेल. आणि इतकी वर्षं ते आलंही नव्हतं. एखादीला यात काही वाटलं नसतं, तिने पडदा ओढून घेतला असता. पण उर्मिलाने उभं आयुष्य नाटकांच्या प्रकाशयोजनेत घालवलं होतं. कुठल्या खिडकीतून कितव्या अंकात सकाळ यायची, हे ठरवणं तिचं काम. उत्तरेकडून ऊन म्हणजे कुणीतरी चुकीच्या जागी लावलेला दिवा, असंच तिच्या डोळ्यांनी आधी वाचलं. कुणालाही न विचारता दिशाच हलवून ठेवल्यासारखं. ती खिडकीशी गेली. रस्त्यापलीकडच्या नव्या टॉवरला काचा बसवून झाल्या होत्या आणि दक्षिणेचा सूर्य त्या काचांवर आपटून तिच्या पलंगावर येत होता. कारण कळलं, पण ती पडदा ओढायला वळली नाही. उलट ते चुकीचं ऊन तिला हवंहवंसं वाटायला लागलं, नाटकाचं पहिलं वाचन संपल्यावर वाटायचं तसं. सूर्य हलवता येतो, तिच्या मनात आलं. यांनी चुकून हलवला. मी मुद्दाम हलवीन.

हलवून दाखवायचं काय, याबद्दल तिला फार विचार करावा लागला नाही, कारण ते तिच्या डोक्यात बरीच वर्षं अवघडून बसलं होतं. पुराचं एक नाटक तिने केलं होतं, परळच्या एका छोट्या सभागृहात. स्टेजच्या कडेला परातीत पाणी ठेवून त्यावर तिने तिरका दिवा मारला होता. विंगेतली मुलगी परात हलके हलवायची आणि मागच्या पडद्यावर लाटा चढत जायच्या, नटांच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावरून. दर प्रयोगाला त्या क्षणी टाळ्या पडत. प्रकाशयोजनेला टाळी हे भाग्य कुणाच्या वाट्याला येतं! उर्मिला वर दिव्यांच्या केबिनमध्ये अंधारात बसून त्या टाळ्या ऐकायची आणि खरंच सुखावायची. पण एका प्रयोगाला पुढच्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. नंतर कळलं, तिचं कुणीतरी पुरात गेलं होतं. टाळ्या आणि ती उठून गेलेली बाई, दोन्ही उर्मिलाच्या मनात एकत्रच राहिलं. आता समुद्र वर चढतोय असं रोज कुठे ना कुठे छापून येत होतं, लोक ते वाचत होते आणि पान उलटत होते. परातीतल्या पाण्याने आता भागणार नव्हतं. या वेळी नट नकोत, पडदा नको, दिवा तर मुळीच नको. ऊन घ्यायचं, आरशांनी वळवायचं आणि जिथे पाणी चढणार आहे तिथेच, त्या भिंतींवर, पाण्याच्या उंचीला उन्हाची रेघ मारायची. सूर्य आहे तोवर प्रयोग. सूर्य बुडाला की संपला.

किनाऱ्यांचा अभ्यास करणारा कौस्तुभ तिच्या मैत्रिणीचा भाऊ. त्याने नकाशे बघून तिला उंच्या काढून दिल्या. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आला तर पुढच्या काळात कुठे किती पाणी, याचा तो अंदाज. ‘हा अंदाज आहे हं,’ असं तो दर वाक्याला म्हणायचा आणि उर्मिला दर वेळी मान डोलवायची. जुन्या कपाटांचे आरसे तिने भाईंदरच्या काचवाल्याकडून हातभर लांबीच्या पट्ट्यांत कापून घेतले, कडांना कापडी टेप लावली आणि गच्चीवर एकटीने तालीम केली. आरसा हातात धरून सूर्य पकडणं तिला पहिल्याच झटक्यात जमलं. टाकीच्या भिंतीवर रेघ उमटली तेव्हा ती मोठ्याने हसली. चांगलं होणार हे. तिला याची खात्रीच होती, आणि अशा खात्रीबद्दल संकोचण्याचं वय तिने मागे टाकलं होतं.

चौक गाव तिने नकाशा न बघताच निवडलं होतं. उत्तनच्या अलीकडची ती कोळ्यांची वस्ती, डोंगराच्या पायथ्याशी समुद्राला टेकलेली. वाळूत रोवलेल्या काठ्यांवर बोंबील सुकत असत आणि दुपार कलली की घरांच्या सावल्या त्यांच्या खालून जात. समुद्राच्या सगळ्यात जवळचं घर शांताबाईंचं. साठीच्या आसपासची, रुंद हाडाची बाई. नवरा गेल्यावर मुलाला, अल्पेशला, त्यांनी एकटीने बोटीवर उभा केला होता. उर्मिला त्यांच्याकडे बऱ्याचदा गेली, बसली, चहा प्यायली. अंगणातला माड कसा गेला, त्याच्या आधी न्हाणीघर कसं गेलं, मासळी वाळवायची अर्धी जागा कशी पाण्याने खाल्ली, हे शांताबाईंनी तिला हात नाचवत सांगितलं होतं, कुणा द्वाड नातेवाइकाबद्दल सांगावं तसं. वस्तीतल्या बायका आरसे धरायला तयार झाल्या. त्यांना मजा वाटत होती. पण रंगीत तालमीच्या दिवशी उर्मिलाने पहिली रेघ शांताबाईंच्या दारावर मारली. हिरव्या दाराच्या वरच्या कडीच्या जरा खाली, झळझळीत, सरळ. बायका एकदम गप्प झाल्या. उर्मिलाला ती शांतता ओळखीची होती. नाटकाने पकड घेतली की प्रेक्षागृहात अशी शांतता होते. तिला आनंद झाला.

मग शांताबाई चालत आल्या आणि दारासमोर, बरोब्बर उजेडात, उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या कपाळावर पडली. डोळे मिटून त्या म्हणाल्या, “बंद कर.”

उर्मिलाने आरसा खाली केला. “काय झालं, शांताबाई?”

“तू उजेड दाखव, कायबी दाखव. पन माज्या दारावर न्हाय.”

वस्तीचे मोठे म्हणून ज्यांच्याकडे सगळे बघत ते बाळाराम, शांताबाईंचे दीर, जाळं बाजूला ठेवून उठले. त्यांचा आवाज चढला नाही. “ताई, या घरात अल्पेशचं लगीन हाय. वैशाखात. मुलगीवाले नवघरचे, उद्या-परवा घर बघायला येतील. ज्या दाराच्या डोक्यावर पानी लिवलंय, त्या दारात कोन आपली पोरगी धाडल, सांगा.”

“पण ते पाणी खरंच येणार आहे, काका,” उर्मिला म्हणाली. “मी लिहिलं नाही म्हणून थांबणार आहे का?”

“आमाला काय ठावं न्हाय?” शांताबाई एकदम उसळल्या. “माझा माड तू नेलास का? समुद्रानं नेला. मी रोज बघते त्याला, रोज शिव्या घालते. पन तू ते लोकांना बघाया लावतेस. तुजी मानसं येतील, फोटो काढतील, आनि आमी बुडनारी मानसं होऊन बसू. तुज्या दारावर मारलीस का रेघ?”

याला उर्मिलाकडे उत्तर तयार होतं. तिच्याकडे कायम असायचं. पण शांताबाई तोवर दार लावून आत गेल्या. तिने आरसे गोणपाटात गुंडाळले आणि ती भाईंदरच्या बसमध्ये येऊन बसली. वाटभर तिला राग येत होता. फार स्वच्छ, तरतरीत राग. चांगलं काम आहे हे, खरं काम आहे, कुणाच्या तरी लग्नासाठी थांबवायचं? मिठागरांवरून बस जात होती. पांढरे वाफे, मधले बांध, त्यांच्यापलीकडे बिल्डिंगांची रांग, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. रोजचंच दृश्य. पण आज ते बघता बघता तिच्या लक्षात आलं की ती आत्ता जिकडे परत चालली आहे तेही मिठागरच होतं. तिचा फ्लॅट, तिचं मांडणीतलं पितळ, जितेंद्रची पुस्तकं, सगळं भराव घातलेल्या खाजणावर, खाऱ्या दलदलीवर, उभं होतं. हे काही गुपित नव्हतं. कौस्तुभच्या नकाशावर तिच्या घराचा रस्ता चौकइतकाच निळा, पाण्याखालचा होता. तिने तो पाहिलाही होता. पाहिला आणि उंची विचारली चौकची. असं का केलं मी? प्रश्न तिने स्वतःला नीट, सावकाश विचारला, कुणी दुसऱ्याने लावलेल्या दिव्यातली चूक शोधावी तसा. तिथे समुद्र दिसतो म्हणून? तिथली घरं बैठी, दारं हिरवी, रेघ शोभून दिसते म्हणून? खरं तर हेच. तिने देखावा निवडला होता. ती पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसली होती, वर, अंधारात, कोरडी. पुढच्या रांगेतली ती बाई आठवली, साडीचा पदर सावरत ओळीतून बाहेर पडणारी. मिठागर संपलं. राग कुठेतरी मधेच उतरून गेला होता आणि त्याच्या जागी परत ती खात्री आली होती, आधीपेक्षा घट्ट. प्रयोग व्हायचा होताच. फक्त भिंत बदलायची होती.

जितेंद्रला तिने रात्रीच्या जेवणाआधीच सांगून टाकलं. तो कोथिंबीर निवडत होता. सगळं ऐकून म्हणाला, “म्हणजे आपल्या बिल्डिंगवर.”

“उत्तरेच्या भिंतीवर. ती कायम सावलीत असते, रेघ सुरेख उठेल.”

“सुरेख उठेल ग. पण खाली राहणाऱ्या हिनाला काय सांगशील? तिच्या खिडकीवरून जाणार ना?”

“खरं तेच सांगेन.”

“आणि पराग?”

पराग सोसायटीचा सेक्रेटरी. उंच, व्यायाम केलेला, कंपाउंडमध्ये कुणी चुकीची गाडी लावली तर धावत खाली येणारा. तो म्हणाला ते ऐकताना उर्मिलाला हसू आवरेना, कारण बाळारामांचंच वाक्य शर्टपँट घालून तिच्यासमोर बसलं होतं. “मॅडम, आर्ट वगैरे ठीक आहे, मी रिस्पेक्ट करतो. पण उद्या कुणी फ्लॅट बघायला आलं आणि व्हिडिओ फिरत असला की ही बिल्डिंग पाण्यात जाणार, तर कोण घेईल? लोकांची आयुष्यं अडकलीत इथे.” उर्मिला म्हणाली, “माझंही अडकलंय, पराग. पहिल्या मजल्यावर.” तो म्हणाला कमिटीत ठेवतो. ती म्हणाली ठेव, पण ऊन कमिटीसाठी थांबत नाही, रविवारी संध्याकाळी मी माझ्या खिडकीखाली उभी राहणार आहे. हिनाने मात्र सगळं ऐकून घेतलं, दाराशी उभी राहून, हाताला पीठ. मग एवढंच विचारलं, “भाभी, पानी मेरी खिडकी तक आएगा?” उर्मिलाने कौस्तुभसारखं अंदाज आहे हं, असं म्हणायचं टाळलं. ती म्हणाली, “आ सकता है.” हिनाने हाताचं पीठ झटकलं, आपल्या खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, “तो लगाओ. देखूँ तो सही.”

त्याच आठवड्यात उर्मिला परत चौकला गेली. शांताबाई काठ्यांवरचे बोंबील उतरवत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. उर्मिला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि बोंबील टोपलीत टाकायला लागली. चुकीचे टाकत असावी, कारण शांताबाई तिने टाकलेले उचलून पुन्हा लावत होत्या. “माझ्या दारावर मारतेय,” उर्मिला म्हणाली. “रविवारी. आरसे धरायला मला माणसं हवीत. आमच्याकडच्या बायका धरतील, पण त्यांचे हात लगेच दुखतात.” शांताबाईंनी टोपली उचलली. “तुज्या घरी लगीन न्हाय ना कुनाचं?” त्यांनी विचारलं. त्यात कुचकेपणा होता की काळजी, हे उर्मिलाला कळलं नाही. “नाही,” ती म्हणाली. “मंग बस कितीला हाय ते सांग.”

रविवारी शांताबाई आणि वस्तीतल्या चार-पाच जणी जुन्या लुगड्यांत आपापल्या घरचे आरसे गुंडाळून बसमधून उतरल्या. गेटातून माघातलं उतरतं ऊन सरळ आवारात आलं होतं आणि उत्तरेची भिंत सावलीत होती, करडी, गार, पावसाळ्याच्या जुन्या ओघळांची. सोसायटीतली माणसं बाल्कन्यांत जमली होती, काही खाली. उर्मिलाने दोन्हीकडच्या बायकांना जागा नेमून दिल्या, कुणाचा खांदा धरून, कुणाचं मनगट वळवून. नट नकोत म्हणतानाही चौकला भिंतीपाशी उभं राहायला तिने एक नर्तकी ठरवली होती. पाण्यात उभ्या असलेल्या माणसासारखी ती तिथे निश्चल उभी राहणार होती. पण बसमधल्या त्या दिवसानंतर उर्मिलाने तिला नको म्हणून कळवलं होतं. ती स्वतः भिंतीकडे चालत गेली, वळली आणि पाठ टेकवून उभी राहिली.

इतक्या वर्षांत ती कधी उजेडात उभी राहिली नव्हती. तालमींना नटाची जागा घेऊन दिव्याखाली क्षणभर उभं राहावं लागे तेवढंच, तेही नजर वर, दिव्याकडे. आता समोर माणसं होती आणि ती बघत होती. भिंतीचा गारवा ब्लाउजमधून पाठीला लागला. तिने हात वर केला. पहिला आरसा उचलला गेला, मग दुसरा, मग एकदम सगळे. उजेड आधी सैरावैरा धावला, पाइपांवर, हिनाच्या खिडकीवर, पारव्यांवर, एका बाल्कनीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्यावर. मग एकेक तुकडा खाली येत शेजारच्या तुकड्याला जुळला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उभी राहिली. तिच्या गळ्यावरून गेली. तिला ती आधी दिसली नाही, लागली. गळ्याशी उबदार, मऊ, जवळजवळ मायाळू काहीतरी. घोट गिळला तेव्हा ती ऊब घोटाबरोबर हलली. बायकांचे हात थरथरत होते, म्हणून रेघही थरथरत होती आणि पाण्यासारखी दिसत होती. उर्मिला भीती वाटायची वाट बघत होती. भीती आली, पण तिला ओलांडून गेली, मागच्या भिंतीत. तिच्या जागी एक साधी गोष्ट उरली: मी इथे राहते. पाणी या उंचीला. याच्या खाली माझी कंबर आहे, माझे गुडघे आहेत, हिनाचा गॅस आहे. टाळी कुणीच वाजवली नाही.

हिना बाहेर आली आणि तिच्या शेजारी पाठ लावून उभी राहिली. तिला रेघ हनुवटीला लागली. मग कोपऱ्यावरच्या फ्लॅटमधल्या बंगाली बाई आल्या. मग पराग तरातरा चालत आला, मॅडम प्लीज म्हणत, आणि उर्मिलासमोर येऊन थांबला. रेघ त्याच्या पाठीवर पडली असणार, कारण तो पाठ चाचपत वळला. आता ती त्याच्या छातीवर होती, पांढऱ्या टीशर्टवर डोळे दिपतील अशी. तो मान खाली घालून बघत राहिला. त्याने तळहात रेघेवर ठेवला. हात उजळला.

“ए भावा, हलू नको, तसाच ऱ्हा!” तिकडून शांताबाई ओरडल्या आणि आवारभर हशा पिकला. परागही हसला, आणि तिथून हलला नाही.

मग सूर्य गेटाबाहेरच्या इमारतींमागे उतरायला लागला. सावली जमिनीवरून चढत आली आणि खाली बसून आरसा धरलेल्या बायकांचं ऊन आधी गेलं. रेघेला भोकं पडली. एकेक करून आरसे विझत गेले. उर्मिलाला हे माहीत होतं, प्रयोगाचा शेवटच तसा ठरला होता, तुकड्या-तुकड्याने विझत जाणारा. पण शांताबाईंना शेवट कुणी सांगितला नव्हता. त्यांनी आरसा काखेत मारला आणि त्या आवारातल्याच समोरच्या बुटक्या बिल्डिंगच्या जिन्यात शिरल्या. काही वेळ काहीच झालं नाही. मग पहिल्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीत काहीतरी चमकलं आणि उजेडाचा पट्टा भिंतीवर आला, चाचपडत खाली उतरला आणि रेघ होती त्याच उंचीला येऊन टेकला. खालची माणसं ओरडली. सावली चढली, पट्टा गेला. सगळे वर बघत राहिले. दुसरा मजला. “आल्या!” कुणीतरी म्हणालं. तिसऱ्याला उशीर लागला, आणि वस्तीतल्या बायका शांताबाईला हाका मारायला लागल्या. बाल्कन्यांतली माणसं वाकून बघत होती. पट्टा आता रुंद झाला होता, कडा विरघळलेल्या, पण त्याची जागा चुकत नव्हती. दर वेळी तो उर्मिलाच्या गळ्याशी यायचा. शेवटी गच्चीच्या कठड्यावर एक ठिणगी दिसली आणि फिकट, केशरी, तळहाताएवढा उजेड तिच्या हनुवटीखाली येऊन राहिला. ती डोळे मिटून उभी होती. गळ्यावरची ऊब केव्हा गेली हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. डोळे उघडले तेव्हा भिंत सगळी करडी होती आणि माणसं हळू आवाजात बोलत होती, घरात कुणी झोपलेलं असताना बोलावं तसं.

ती समोरच्या बिल्डिंगचे जिने चढून गच्चीवर गेली. शांताबाई टाकीच्या कट्ट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, आरसा मांडीवर पालथा. त्यांना धाप लागली होती.

“पोचला का?” त्यांनी विचारलं.

“पोचला.”

“कुटवर?”

उर्मिलाने गळ्याला हात लावला. शांताबाईंनी तिथे बघितलं, मग पदराने घाम पुसला. पश्चिमेला इमारतींच्या फटीतून तांबूस आकाश दिसत होतं, समुद्र कुठेच दिसत नव्हता.

“वैशाख जाऊ दे,” शांताबाई म्हणाल्या. “पोरगी एकदा घरात आली की मंग ये. तिला बी सांगीन मी, लपवनार न्हाय. पन आदी घरात येऊ दे.” त्या उठायला लागल्या, उर्मिलाने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. “आनि माज्या दारावर आरसा मी धरनार. तू नको. तुला सारकं सरळ लागतं.”

“बरं,” उर्मिला म्हणाली.

खालून हिनाचा आवाज आला, चहा झालाय, या.